बातमीच्या आधीची माणसं



गेल्या वर्षीच्या १५ जानेवारीची गोष्ट. हा दिवस आता आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, कारण तो खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. जन्म १९२६ चा, गाव कराडजवळचं गोळेश्वर. परिपाठात मी सहज विचारलं, "आज कुणाचा वाढदिवस?" शांतता. मग नाव सांगितलं. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "खंडोबा ना सर?" आणि दुसरा, "सर, खाशाबा कोन शे?"

हसू आलं खरं, पण मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच वर्षी सहावीच्या मुलांकडून मी 'माझा आवडता खेळाडू' हा निबंध लिहून घेतला होता. चाळीसेक वह्या तपासल्या. निम्म्या वह्यांची सुरुवात एकाच वाक्यानं, शेवट एकाच वाक्यानं आणि मधली शुद्धलेखनाची चूकही एकच. मोबाईलवरून कुणी एकानं उतरवलं, त्याच्यावरून बाकीच्यांनी. कोहली आणि धोनी, धोनी आणि कोहली. खेळाडू आवडतो म्हणजे काय आवडतं, हे एकाही वहीत नव्हतं. सगळीकडे नुसती विक्रमांची यादी.

म्हणून ठरवलं, तो निबंध पुन्हा शिकवायचा. या वेळी खेळाडूवर नाही लिहायचं. खेळाडू बातमीत येण्याच्या आधी त्याच्या भोवती कोण कोण होतं, त्यांच्यावर लिहायचं. पाठ चार तासिकांचा झाला. तो कसा घेतला ते सांगतोच, पण या पाठानं माझीच एक जुनी चूक मला पुन्हा वाचायला लावली, तीही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं खोटेपणाचं होईल.

पहिली तासिका : गोळेश्वर ते हेलसिंकी

खाशाबांची गोष्ट मी फळ्यावर काही न लिहिता सांगितली. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच कुस्ती, त्यामुळे पोरगा मातीत उतरला यात नवल काही नाही. शाळा कराडची, पुढं कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तिथं अडचण अशी की आयुष्य मातीत गेलेलं आणि कुस्ती मॅटवर. मॅटचे नियम वेगळे, पायाखालची पकड वेगळी. तरी फ्लायवेट गटात सहावे आले.

इथं मी थांबून मुलांना विचारलं, "सहावा नंबर म्हणजे हरला की जिंकला?" वर्गात दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, "सर, सहाव्याला काहीच मिळत नाही." ही समजूत त्यानं कुठून घेतली असेल ते आपल्याला माहीतच आहे. आपल्याच बक्षीस समारंभात तीन नंबरांच्या पुढं टाळ्या नसतात.

मग १९५२. हेलसिंकीला जायचं तर पैसे हवेत. गावानं वर्गणी काढली, इकडून तिकडून थोडं थोडं जमलं, तरी कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे करून दिले.

हे वाक्य मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मुलांना ते कळलंच नाही. गहाण म्हणजे काय हे मात्र खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोराला समजवावं लागत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा, सोसायटीचं कर्ज, आईची पोत सोनाराकडे, हे सगळं घरात ऐकलेलं असतं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. आणि मग एका मुलीनं जो प्रश्न विचारला तो मला अजून सुचलेला नव्हता. ती म्हणाली, "सर, त्या सरसनी घरवाली काय बोलनी व्हई?"

त्या सरांची बायको काय म्हणाली असेल!

मी उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न वर्गावर सोडला. तुमच्या वडिलांनी दुसऱ्याच्या मुलासाठी घर गहाण ठेवलं तर घरात काय होईल, ते प्रत्येकानं दोन-तीन ओळींत लिहा. त्या दिवशी मुलांनी जे लिहिलं ते कुठल्याच मोबाईलमध्ये नव्हतं. 'आई आठ दिवस बोलणार नाही.' 'आजी म्हणेल, आपल्या पोरांना आधी चप्पल आणा.' 'आई भांडेल पण डबा बांधून देईल.' एकानं लिहिलं, 'बाबा विचारतील, तो जिंकला नाही तर?' शुद्धलेखन जेमतेम, पण भाषा स्वतःची. आपण ज्याला स्वयंलेखन म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ते हरले, त्यानंतर सोव्हिएत मल्लाकडूनही हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला आपला कुणी अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असं सांगतात. २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक पक्कं झालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. लगेच दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघानं अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवला. बलबीरसिंगांचे एकट्याचे पाच गोल! त्या सोन्यापुढं एका पैलवानाचं कांस्य देशाला केवढं दिसलं असेल याचा अंदाज मुलांनाही आला. "सर, मॅच त्याच दिवशी नको होती," असं एकजण कळवळून म्हणाला. म्हटलं, त्याच दिवशी नव्हती रे, दुसऱ्या दिवशी होती. म्हणे, "मग तर अजूनच वाईट. एकच दिवस मिळाला."

कराड स्टेशनवर मात्र गाव लोटलं होतं. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्याकडच्या मुलांना बैलगाडी आणि मिरवणूक या दोन्ही गोष्टी पोळ्यामुळं चांगल्या ठाऊक, त्यामुळं हे चित्र त्यांनी वहीत झकास काढलं.

आणि यानंतरची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदक गळ्यात पडल्यावर माणूस पुन्हा मातीत उतरतो ते गुरूचं घर सोडवायला. ही बातमी पदकाच्या बातमीहून लहान कशी?

दुसरी तासिका : नंतर काय झालं

ही तासिका छोटी ठेवली, कारण ती उदास आहे. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले, नोकरी केली, निवृत्त झाले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. दुसरं वैयक्तिक पदक देशाला मिळायला १९९६ उजाडलं, अटलांटात लिअँडर पेसचं कांस्य. म्हणजे ४४ वर्षं हा एकटाच माणूस त्या रकान्यात उभा होता आणि सार्वजनिक आठवणीत जवळजवळ नव्हताच. पद्म पुरस्कारासाठी कुटुंबाला वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला.

मुलांचा इथला प्रश्न सरळ होता. "तेव्हा टीव्ही नव्हता म्हणून का सर?" अर्धं उत्तर तेच आहे. उरलेलं अर्धं उत्तर शोधायला तिसरी तासिका.

तिसरी तासिका : लाल पेन, निळं पेन

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्य घेतलं. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी, तालुका राधानगरी. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. म्हणजे आपल्याच घरातला मुलगा म्हणा ना! तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि धोनीसुद्धा एके काळी तिकीट तपासनीसच होता, त्यामुळं बातम्यांना आयतंच खाद्य मिळालं. काही तासांत अभिनंदनाचे फलक, लगेच रेल्वेत बढती, राज्य सरकारचं १ कोटीचं बक्षीस जाहीर. आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर त्या दिवशी किती वेळा तोच फोटो आला ते आठवून बघा.

मुलांना मी त्या वेळच्या वर्तमानपत्रांची कात्रणं दिली. (आमच्याकडं रद्दीचा गठ्ठा नीट ठेवणारे एक शिपाईकाका आहेत, त्यांची कृपा.) सूचना एवढीच : पदक मिळाल्यानंतर घडलेलं जे जे आहे ते लाल पेनानं अधोरेखित करा, पदकाच्या आधीचं ते निळ्यानं. पंधरा मिनिटांत लाल पेनं हातात फिरायला लागली. "सर, माझं संपलं, दुसरं द्या." निळ्या रेघा जेमतेम कुठं कुठं. वडिलांनी २००९ साली त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, ही एक ओळ. २००९ ते २०२४, पंधरा वर्षं, एका ओळीत!

त्या पंधरा वर्षांत काय असेल? २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा नंबर, त्यानंच ऑलिम्पिकचा कोटा मिळवून दिला. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना एक गोळी ७.६ वर गेली आणि पुन्हा चौथा. हे फळ्यावर मांडल्यावर पहिल्या दिवशी 'सहाव्याला काहीच मिळत नाही' म्हणणारा मुलगा स्वतःहून बोलला, "सर, चौथा आला नसता तर तिकडं गेलाच नसता." मी काहीच जोडलं नाही. आपण मास्तर लोक अशा वेळी फार बोलतो आणि मुलाचं वाक्य खराब करतो.

बातमीचा स्वभाव हा असा आहे. ती शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्याला बघते. यात बातमीदाराची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, त्याला संध्याकाळपर्यंत पान भरायचं असतं. पण मुलांना आणि पालकांना वाटतं की खेळ म्हणजे ते पान. मग दोनच गोष्टी होतात. एक तर घर म्हणतं, "एवढ्या लाखांत एखादा, आपला कुठं होणार?" किंवा गावाला घाई होते, आपल्या पोराचंही पान लवकर यावं म्हणून.

ही दुसरी घाई माझ्या हातून झाली.

माझी चूक

२०२२ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी तालुकास्तरीय शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील मुलींच्या ६०० मीटरमध्ये पहिली आली. अनवाणी धावली. शेवटच्या वळणावर तिनं जी चाल काढली ती बघून शेजारच्या शाळेचे क्रीडाशिक्षक माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, ही पोर विभागापर्यंत जाते बघा. माझा ऊर भरून आला. मी काही क्रीडाशिक्षक नाही, मराठीचा मास्तर, सोबत म्हणून गेलो होतो. खरं सांगायचं तर वर्षभर तिच्या वर्गाचा खेळाचा तास पोर्शन राहिला म्हणून मीच अधूनमधून घेत असे. तरी श्रेय घ्यायला मी पुढं.

मैदानातच मोबाईल काढला. ती धाप टाकत उभी, घामानं भिजलेली, अंगात शाळेची धावायची चड्डी आणि बनियन. फोटो काढला, वर 'नरडाण्याची सुवर्णकन्या' असं लिहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. शिंदखेड्याहून परत येईपर्यंत टाळ्या आणि हारतुऱ्यांच्या चित्रांनी ग्रुप भरून गेला होता. मी बसमध्ये तिला ते दाखवलं. ती हसली. मला वाटलं, झालं, पोरीचं भलं केलं.

त्या टाळ्यांमध्ये कुणीतरी तिच्या कपड्यांवर एक वाक्य टाकलं होतं. एकच. त्यावर हसण्याच्या दोन-तीन खुणा. ते वाक्य मी वाचलं होतं, पण सोडून दिलं. गावात असतात अशी माणसं, असं स्वतःशी म्हटलं. संध्याकाळी तिचे वडील घरी आले. चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, बोलता तरी आलं असतं. दारातच उभे राहिले, चहा घेतला नाही, आणि म्हणाले, "सर, पोर आते मोठी व्हयनी. आते बस."

मी त्यांना पुष्कळ सांगितलं. कविता राऊतचं उदाहरण दिलं. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडचं सावरपाडा, आदिवासी घर, आणि २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, पुढच्याच महिन्यात ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ललिता बाबरचं सांगितलं. माण तालुक्यातल्या मोही गावची, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. मी मोठ्या तावातावानं बोलत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "धुये जानं पडी ना? तिनासंगे कोन जाई?"

धुळ्याला जावं लागेल ना, तिच्यासोबत कोण जाईल? माझ्याकडं सावरपाडा होतं, ग्वांगझोऊ होतं, रिओ होतं. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी मला परीक्षेचं काम होतं, शाळेत महिला शिक्षक सोबत पाठवायची सोय मी विचारलेली नव्हती, तिच्या आईशी मी कधी बोललेलोच नव्हतो. मुलीला तर विचारायचं डोक्यातही आलं नाही की बाई, तुझा फोटो टाकू का. मुलगी जिल्ह्याला गेली नाही. त्यानंतर धावलीही नाही. वर्गात नेहमीसारखी होती, अभ्यास करायची, मला 'नमस्ते सर' म्हणायची. माझ्याच डोळ्याला डोळा द्यायची हिंमत राहिली नव्हती.

मी बरेच दिवस दोष त्या टीका करणाऱ्यावर आणि तिच्या वडिलांवर टाकून मोकळा झालो होतो. 'गावाची मानसिकता' हा शब्द आपल्याला फार उपयोगी पडतो. लाल-निळ्या पेनांची तासिका घेताना लक्षात आलं, की त्या फोटोत मीही फक्त लाल रेघच ओढली होती. निळं काहीच केलं नव्हतं. खर्डेकर सरांनी पैसे आधी दिले. मी फोटो नंतर टाकला. मास्तर दोघंही, पण फरक केवढा!

आणि वडिलांचं म्हणणं तरी नीट ऐकू या. मुलगी गावाच्या तोंडी आली की तिच्यासाठी उत्तरं बापाला द्यावी लागतात, ग्रुपवर टाळ्या देणाऱ्यांना नाही. पुरुष खेळाडूचा घामाघूम फोटो गाव अभिमानानं बघतं, मुलीचा फोटो वेगळ्या नजरेनं बघणारे दोघे तरी निघतात. हे बदलायला हवं यात वाद नाही. पण ते बदलण्याची किंमत तेरा वर्षांच्या मुलीनं एकटीनं, तिला न विचारता, का मोजावी? त्या वाक्याला मी तिथल्या तिथं उत्तर द्यायला हवं होतं. निदान फोटो काढून टाकायला हवा होता. दोन्ही केलं नाही, कारण टाळ्या मोजत होतो.

चौथी तासिका, आणि पुढचं

चौथ्या तासिकेत मुलांनी पुन्हा निबंध लिहिला. विषय : 'बातमीच्या आधीची माणसं'. आवडीचा कुणीही घ्या, खेळाडूच पाहिजे असं नाही. कुणी गावच्या यात्रेत कुस्ती मारणाऱ्या मामावर लिहिलं आणि त्याला पहाटे उठवणाऱ्या आजोबांवर. कुणी क्रिकेटसाठी शेताचा कोपरा पडीक ठेवणाऱ्या काकावर. एका मुलानं एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी पोरांना कबड्डी शिकवणाऱ्या शेजारच्या दादावर लिहिलं. तो दादा कधी कुठल्या फलकावर आलेला नाही, आमच्या चौफुलीवर एवढे वाढदिवसाचे फलक लागतात तरी.

या वर्गात एक मुलगी होती, त्या धावणाऱ्या मुलीची धाकटी बहीण. तिनं बहिणीवर लिहिलं. नाव नव्हतं, 'माझी ताई' एवढंच. 'ताई पहाटे उठून मला रेल्वेफाटकापर्यंत पळवते. ती स्वतः माझ्यामागं सायकलवर असते. ती म्हणते मी घड्याळ आहे.' वही मिटून मी थोडा वेळ स्टाफरूममध्ये बसून राहिलो. कुणाला काही सांगितलं नाही.

सहकारी मित्रांनी विचारलं म्हणून, त्या पाठानंतर आम्ही शाळेत काय केलं ते थोडक्यात सांगतो. खेळाचा तास आता दुसऱ्या विषयाला घेता येत नाही. घ्यायचाच असेल तर मुख्याध्यापकांच्या वहीत कारण लिहून सही करावी लागते, आणि लिहायला लागलं की कारणं आपोआप कमी होतात. स्पर्धेला मुली जाणार असतील तर सोबत जाणाऱ्या बाईंचं नाव आधी ठरतं, मग मुलींची नावं. बूट, जाण्यायेण्याचं भाडं आणि डबा यांसाठी माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी केला आहे, देणाऱ्यांची नावं कुठं लावायची नाहीत या अटीवर. ही अट देणाऱ्यांनीच घातली, मला फार आवडली. आणि मुलाचा किंवा मुलीचा फोटो ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी त्याला विचारायचं, मग आईला. वडील 'हो' म्हणाले आणि मुलगी 'नको' म्हणाली तर नको.

पालकांनाही एक विनंती आहे. शाळा असं काही करत नसेल तर भांडा, पण आधी येऊन विचारा. 'सोबत कोण जाईल?' हा प्रश्न लाजून गिळू नका. तो आमच्यापर्यंत आला नाही तर आम्ही आपले कविता राऊतच्या गोष्टी सांगत बसतो.

मागच्या हंगामात धाकटीचं नाव ६०० मीटरसाठी घालायचं होतं. या वेळी मी त्यांच्या घरी गेलो ते स्पर्धेच्या आधी तीन आठवडे, आणि एकटा गेलो नाही, शाळेतल्या बाईंना घेऊन गेलो. ओसरीवर बसलो. कुठल्याही पदकाचं नाव काढलं नाही. बस किती वाजता, परत किती वाजता, कोण सोबत, धावताना काय घालणार, एवढंच बोलणं झालं. घालण्याच्या मुद्द्यावर मुलगी आणि आई आतल्या खोलीत जाऊन आल्या आणि सांगितलं, ढोपराच्या खाली येणारी चड्डी आणि बाह्यांचा शर्ट. नियमात बसतं का ते बाईंनी विचारून घेतलं होतं, बसतं. वडील बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "तिनी माय संगे जाई."

मी उठताना मोठीला म्हणालो, "माझं त्या वेळी चुकलं होतं बाळा, तुझा फोटो टाकायला नको होता." तीन वर्षं हे वाक्य घशात होतं. ती आता दहावीत. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "सर, हिचे हात फार हलतात पळताना. तुम्ही सांगा तिला, माझं ऐकत नाही."

स्पर्धेच्या दिवशी आई आली. मैदानाच्या कडेला पदर खोचून उभी राहिली आणि सुरुवातीची शिट्टी झाल्यावर जी ओरडायला लागली ती पोर रेघ ओलांडेपर्यंत थांबली नाही. मुलगी चौथी आली. हात खरंच फार हलत होते. डबा उघडला तेव्हा त्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सर, निकाल काय, फोटो टाका. फोटोबद्दल मी धाकटीला बसमध्येच विचारलं होतं. "पुढच्या वेळी सर," म्हणाली होती. मी ग्रुपवर निकाल लिहिला : ६०० मीटर, आपली शाळा, चौथा क्रमांक. खाली सोबत आलेल्या बाईंचं आणि त्या माउलीचं नाव लिहिलं, दोघींना विचारून.